शाळामास्तर ते बिशप: सॅम्युअल अजाई क्राउदर यांच्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

वर्गात एकदा बोलता बोलता क्राउदरांची गोष्ट निघाली आणि तेव्हापासून मुलं, मुलांचे पालक, चर्चमधली मंडळी, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाला उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय. क्रम लावायचा प्रयत्न केलाय पण काही उत्तरं उगाच लांबलीत, समजून घ्या.

हे क्राउदर म्हणजे नक्की कोण? दोन ओळीत सांगा ना.

आजच्या नायजेरियातला योरुबा मुलगा, तेराव्या वर्षाच्या आसपास गुलाम म्हणून विकला गेला, समुद्रात सुटका झाली, सिएरा लिओनमध्ये शिकला, मास्तर झाला, मग पाळक, आणि १८६४ साली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप, म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चेसचा प्रमुख. जन्म साधारण १८०९, मृत्यू ३१ डिसेंबर १८९१.

खरं नाव काय? अजाई की सॅम्युअल की क्राउदर?

तिन्ही. अजाई हे जन्माचं नाव. योरुबा लोकांत काही नावं बाळ जन्मतानाच ठरलेली असतात, म्हणजे आईबापांनी शोधायचीच नाहीत, बाळ कसं जन्मलं त्यावरून आपोआप पडतात, आणि तोंड खाली करून जन्मलेलं बाळ म्हणजे अजाई. सॅम्युअल क्राउदर हे नाव १८२५ साली बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालं, तेही लंडनच्या एका पाळकाचं नाव जसंच्या तसं उचलून, कारण हा पाळक चर्च मिशनरी सोसायटीच्या कामाशी जोडलेला होता. ही सोसायटी पुढे सारखी येणार आहे म्हणून तिला सीएमएस म्हणू. आणि हो, मी लहानपणच्या अजाईला 'तो' म्हणतोय आणि मास्तर झाल्यावर 'ते', हे मुद्दाम नाही केलेलं, लिहिताना तसंच येतं.

गुलाम कसा काय झाला? गोऱ्यांनी पकडलं का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. १८२१ साली ओशोगुन नावाच्या त्याच्या गावावर हल्ला केला तो त्याच भागातल्या टोळ्यांनी, फुलानी जमातीचे लोक आणि ओयोकडचे मुसलमान आणि त्यांच्यात सामील झालेले पळून आलेले गुलाम. ओयोचं जुनं राज्य तेव्हा मोडकळीला आलं होतं आणि गावंच्या गावं अशी लुटली जात होती. अजाई, त्याची आई आणि दोन बहिणी एकाच दोरीला बांधल्या गेल्या. बाप त्या दिवसानंतर दिसला नाही, पुढच्या एका लढाईत मारला गेला असं नंतर कळलं.

पुढचं वाचताना पोटात कालवतं. मुलगा पहिल्यांदा विकला गेला तो एका घोड्याच्या बदल्यात. दोन महिन्यांनी घोडा पसंत पडला नाही म्हणून घोडा परत आणि मुलगाही परत. त्या परत येण्यात आई पुन्हा भेटली, तेवढंच. मग परत विकला, मग अजून एकदा, तंबाखू आणि रमच्या बदल्यात सुद्धा. एका टप्प्यावर त्याला कळलं की आता किनाऱ्यावर पोर्तुगीजांकडे जायची पाळी येणार, तेव्हा रात्री कमरेच्या पट्ट्याने स्वतःचा गळा आवळायचा प्रयत्न त्याने एकदा नाही, बऱ्याचदा केला. हात धजला नाही. लागोसला पोहोचल्यावर गळ्यात लोखंडी कडी आणि एकाच लांब साखळीत मोठी माणसं आणि पोरं एकत्र, मोठ्यांनी चिडून साखळी ओढली की कडी पोरांच्या मानेला कापायची.

हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, १८३७ साली, मास्तर असताना, सोसायटीच्या एका सेक्रेटरीला पत्र म्हणून.

मग सुटका कशी झाली?

७ एप्रिल १८२२ ला पोर्तुगीज जहाज १८७ गुलाम घेऊन निघालं, आणि संध्याकाळीच ब्रिटिश नौदलाच्या मर्मिडन नावाच्या जहाजाने ते पकडलं. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला होता आणि त्यांची गस्त त्या किनाऱ्यावर असायची.

पण पोरांना काय माहीत ही सुटका आहे ते. युद्धनौकेवर चढवल्यावर त्यांनी बघितलं तर डुकराचे सोललेले तुकडे टांगलेले आणि बाजूला तोफगोळ्यांचा ढीग. यांना वाटलं, झालं, ही माणसाची तंगडी आणि ती मुंडकी, आता आपला नंबर. जवळ जाऊन नीट बघितल्यावर जीवात जीव आला. जहाजाचे कप्तान होते हेन्री लीक. हे नाव लक्षात ठेवा, ४२ वर्षांनी परत येणार आहे.

शाळेत कधी गेला?

फ्रीटाऊनला जून १८२२ मध्ये उतरवलं आणि तिथून जवळच्या बॅथर्स्ट नावाच्या वस्तीत पाठवलं. सिएरा लिओनमध्ये अशा सुटका झालेल्या लोकांची गावंच वसवली होती, शंभर भाषा बोलणारे लोक एका डोंगरावर, कोणाचं कोणाला कळत नाही. पहिल्या दिवशी शाळेतून आल्यावर हा पोरगा आपल्या भाषेच्या माणसांकडे गेला आणि अर्धी पेनी मागितली, कशाला तर अक्षरांचा तक्ता स्वतःचा विकत घ्यायला. सहा महिन्यांत इंग्रजी नवा करार वाचायला लागला. सोबत सुतारकामही शिकला.

माझ्यासारख्या मास्तराला या अर्ध्या पेनीचंच जास्त कौतुक. बिशप काय, पुढे झालाच.

१८२६ मध्ये त्याला काही महिने इंग्लंडला नेलं, लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या शाळेत बसवलं. परत आल्यावर १८२७ साली फ्रीटाऊनजवळ फोरा बे इथे सीएमएसने शिक्षक आणि धर्मसेवक तयार करायची संस्था सुरू केली, तिच्या पटावरचं पहिलं नाव यांचं. हीच संस्था पुढे फोरा बे कॉलेज झाली, पश्चिम आफ्रिकेतलं पाश्चात्त्य धर्तीचं सगळ्यात जुनं कॉलेज.

मास्तर म्हणून किती वर्षं होते आणि कुठे?

फोरा बेमधून बाहेर पडल्यापासून १८४१ पर्यंत धरलं तर दहा वर्षांच्या वर. आधी रीजंट आणि वेलिंग्टन या गावांत सरकारी शाळांवर, आणि १८३४ पासून परत फोरा बेला शिकवायला. गावात मास्तर म्हणजे नुसतं पाटी-पेन्सिल नव्हतं हो, रविवारी वाचन घ्यायचं, भांडणं सोडवायची, आजाऱ्याकडे जायचं, कोणाचं पत्र लिहायचं. आपल्याकडे खेड्यातल्या जुन्या गुरुजींना जशी सगळी कामं लागायची तसंच. लॅटिन आणि ग्रीक स्वतः शिकत होते आणि टेम्ने ही तिथली स्थानिक भाषा पण.

लग्न कोणाशी झालं?

असानो नावाच्या मुलीशी, बाप्तिस्म्याचं नाव सुझन. तीही गुलामांच्या जहाजावरूनच सुटलेली आणि तीही शिक्षिका. १८२९ मध्ये लग्न झालं, तीन मुलगे आणि तीन मुली. नवरा-बायको दोघं एकाच शाळेत शिकवतायत हे दृश्य १८३०च्या दशकातलं आहे आणि ते सिएरा लिओनमधलं आहे, हे मी वर्गात सांगितलं की मुली लगेच सावित्रीबाईंचं नाव घेतात. तुलना बरोबर नाही, परिस्थिती फार वेगळी, पण मी त्यांना अडवत नाही.

मास्तर नदीच्या मोहिमेवर कशाला गेले?

कारण भाषा येत होत्या. १८४१ मध्ये ब्रिटिश सरकारने नायजर नदीत तीन आगबोटी पाठवल्या. कल्पना अशी की आतल्या राजांशी करार करायचे, शेती आणि व्यापार वाढवायचा म्हणजे गुलाम विकायची गरजच उरणार नाही. सीएमएसने दोघांना सोबत दिलं, एक शॉन नावाचे जर्मन मिशनरी आणि दुसरे क्राउदर. मोहिमेचं वाटोळं झालं. १४५ युरोपियनांपैकी जवळपास सगळेच तापाने पडले आणि सुमारे ४० मेले. मलेरिया डासांमुळे होतो हे कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा.

पण या फजितीतूनच क्राउदरांचं आयुष्य वळलं. शॉननी सोसायटीला कळवलं की हे काम आफ्रिकेच्याच माणसांनी करायला पाहिजे आणि या मास्तरांना पाळकपदाची दीक्षा द्या. १८४३ मध्ये लंडनला बोलावून थोडं शिक्षण आणि मग दीक्षा. वय चौतीसच्या आसपास. १८५४ ला पुन्हा बोट गेली, प्लेइयड नावाची, डॉक्टर बेकी प्रमुख होते, त्यांनी सगळ्यांना क्विनाइन हे तापाचं औषध रोज प्यायला लावलं आणि तापाने एकही माणूस दगावला नाही. या फेरीतही क्राउदर होते. दोन्ही मोहिमा ज्याने बघितल्या असे फार थोडे, त्यातले ते एक.

आई परत भेटली असं म्हणतात, हे खरं का सिनेमातलं?

खरं. योरुबा प्रदेशातल्या अबेओकुटा गावी मिशन सुरू करायला ते १८४६ च्या ऑगस्टमध्ये पोहोचले, सोबत हेन्री टाउनसेंड नावाचे इंग्रज मिशनरी. तीन आठवड्यांत बातमी फुटली की अमुक अमुक गावचा अजाई आलाय, आणि २१ ऑगस्टला आई, नाव आफाला, समोर उभी. पंचवीस वर्षांनी. दोघांच्या तोंडून शब्द फुटेना, ती थरथरत त्यांच्या हातांना नुसती हात लावत राहिली, लहानपणी ज्या नावांनी हाक मारायची त्या नावांनी. मधल्या काळात तिचेही हाल झाले होते, सुटली, परत पकडली गेली.

१८४८ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. नाव दिलं हन्ना. बायबल माहीत असलेल्यांना लगेच कळेल, शमुवेलाची, म्हणजेच सॅम्युअलची, आई हन्ना.

त्यांनी बायबलचं भाषांतर केलं म्हणतात. एकट्याने?

एकट्याने नाही. थॉमस किंग नावाचे सहकारी होते, इतरही होते, आणि पूर्ण बायबल व्हायला १८८०चं दशक उजाडलं. पण कणा त्यांचाच. आणि मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात टिकलेलं काम हेच आहे, बिशपपद नाही. कारण सांगतो.

योरुबा ही सुरांची भाषा. आपल्याला हे पटकन कळत नाही कारण मराठीत आवाज चढवला की फक्त राग कळतो, शब्दाचा अर्थ बदलत नाही. तिथे 'ओको' हा एकच शब्द घ्या, सूर बदलला की नवरा, कुदळ, होडी किंवा भाला. आता हे रोमन अक्षरात लिहायचं कसं? आणि ओ पण दोन प्रकारचे, ए पण दोन. १८४३ साली त्यांचा पहिला योरुबा शब्दसंग्रह आणि व्याकरण छापून आलं, १८५२ मध्ये वाढवून, आणि त्यात ते सुरांकडे लक्ष देत होते कारण ते स्वतः ती भाषा बोलत मोठे झाले होते. युरोपियन मिशनरी कानाने ऐकून अंदाज करायचे, यांना अंदाज करायची गरजच नव्हती. १८७५ मध्ये लागोसला योरुबा लेखनपद्धतीवर बैठक झाली तिचे अध्यक्ष हेच. अक्षराखाली टिंब देऊन वेगळा आवाज दाखवायची जी पद्धत आज योरुबा पुस्तकांत दिसते ती याच धडपडीतून बसली.

भाषांतर करताना मिशनच्या कंपाउंडमधली घासून गुळगुळीत झालेली योरुबा त्यांना चालायची नाही. म्हाताऱ्या माणसांत जाऊन बसायचे, देवाधर्माची बोलणी, भांडणं, म्हणी, अंत्यसंस्काराला काय बोलतात ते ऐकायचे आणि टिपून ठेवायचे. देवासाठी 'ओलोरुन' हा तिथलाच शब्द घेतला, आभाळाचा धनी अशा अर्थाचा. आपल्याकडे विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याला पंडितांना हाताशी धरून मराठी शिकावं लागलं, इथे पंडित आणि भाषांतरकार एकच माणूस होता असं समजा.

आणि मास्तरकी सुटली नव्हतीच. १८५७ ला इग्बो भाषेची पहिली बाराखडीची पुस्तिका काढली, १८६४ ला नुपे भाषेचं व्याकरण. बिशप होणारा माणूस त्या वर्षी व्याकरणाची प्रुफं तपासतोय!

व्हिक्टोरिया राणीला भेटले होते का?

हो, नोव्हेंबर १८५१, विंडसरला. आधी प्रिन्स अल्बर्टना नकाशावर अबेओकुटा आणि व्यापाराचे रस्ते दाखवत होते, तेवढ्यात एक बाई येऊन उभी राहिली आणि ऐकायला लागली, ती राणी आहे हे यांना सुरुवातीला कळलंच नाही. मग योरुबात प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवली. राणीला भाषा फार गोड वाटली म्हणे.

गोड गोड किस्सा इथपर्यंत. पण ते इंग्लंडला नुसतं चहापाण्याला गेले नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये शेजारच्या डाहोमी राज्याच्या राजाने अबेओकुटावर हल्ला केला होता आणि लागोसमधून गुलामांचा धंदा चालूच होता. पामरस्टनसारख्या मंत्र्यांपुढे क्राउदर हे मांडत होते. डिसेंबर १८५१ मध्ये ब्रिटिशांनी लागोसवर तोफा डागल्या आणि १८६१ मध्ये लागोस गिळूनच टाकलं.

म्हणजे ते साम्राज्याचे एजंट होते का?

हा प्रश्न कॉलेजची मुलं विचारतात आणि ते विचारायलाच पाहिजे. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ज्याला घोड्याच्या भावात विकलं आणि ज्याला ब्रिटिश जहाजाने सोडवलं, तो माणूस ब्रिटिश आरमाराला वाईट म्हणेल अशी अपेक्षा करणं जरा जास्तच आहे. त्यांना खरंच वाटायचं की बायबल, कापूस आणि कायदेशीर व्यापार आला की गुलामगिरी जाईल. अबेओकुटात कापूस पिकवून विलायतेला पाठवायच्या खटपटीत ते स्वतः होते. तोफांमागून काय काय येणार हे त्यांना पूर्ण दिसलं नाही. आणि जेव्हा दिसलं तेव्हा ते त्यांच्याच अंगावर आलं, ते खाली सांगतोय.

बिशप त्यांनाच का केलं?

यामागे हेन्री वेन. हे सीएमएसचे सेक्रेटरी, आणि त्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक देशातलं चर्च स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार, स्वतःच प्रसार, आणि मिशनरीने काम झालं की पुढच्या गावाला निघून जायचं. क्राउदर नाही म्हणत होते, बरेच दिवस. वेननी गळ घातली. ते वर्ष १८६४, २९ जून, संत पीटरचा दिवस, कँटरबरी कॅथीड्रल.

आता ते नाव. गर्दीत म्हातारे अ‍ॅडमिरल सर हेन्री लीक बसले होते, तेच मर्मिडनचे कप्तान. आणि मिसेस वीक्स पण, ज्यांनी बॅथर्स्टमध्ये त्या पोराला पहिली अक्षरं शिकवली होती. ऑक्सफर्डने त्याच वर्षी डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी दिली. मला विचाराल तर मिसेस वीक्सच्या चेहऱ्याकडे बघायला मी तिथे पाहिजे होतो.

पण एक पाचर मारलेली होती. त्यांचा धर्मप्रांत होता 'राणीच्या हद्दीबाहेरची पश्चिम विषुववृत्तीय आफ्रिका', म्हणजे लागोस वगळून, आणि अबेओकुटाही त्यात नाही. का? तर तिथे गोरे मिशनरी होते आणि टाउनसेंड आणि मंडळींनी स्पष्ट सांगितलं होतं की आम्ही काळ्या बिशपच्या हाताखाली काम करणार नाही. हेच ते टाउनसेंड, अबेओकुटाला सोबत गेलेले. म्हणजे ज्या लोकांची भाषा त्यांची आईची, तिथले बिशप ते नाहीत, आणि जिथे बिशप, त्या नायजर नदीच्या खोऱ्यात इग्बो, नुपे, इजॉ बोलणारे, जिथे त्यांनाच दुभाषी लागायचा.

जगातला पहिला काळा बिशप का?

नाही, असं लिहू नका. रोमन कॅथलिक चर्चमध्ये कांगोच्या राजाचा मुलगा हेन्रिक सोळाव्या शतकातच बिशप झाला होता, आणि उत्तर आफ्रिकेत तर संत ऑगस्टिनच्याही आधीपासून बिशप होते. अँग्लिकन चर्चमधले पहिले आफ्रिकन, एवढं बरोबर. आपल्या माहितीसाठी, अँग्लिकन चर्चने पहिला भारतीय बिशप केला तो १९१२ साली, व्ही. एस. अझरिया, दोर्नकलला. क्राउदरांनंतर ४८ वर्षांनी.

बिशप म्हणून नेमकं काय काम?

नदीवर फिरणं. राहायचे लागोसला आणि ओनित्शा, लोकोजा, बॉनी, ब्रास अशी ठाणी शेकडो मैलांवर. स्वतःची बोट १८७८ पर्यंत नव्हतीच, व्यापाऱ्यांची बोट कधी येईल त्यावर बिशपसाहेबांचा दौरा. १८६७ मध्ये इडाहजवळ अबोको नावाच्या सरदाराने त्यांना धरूनच ठेवलं, पैसे मागितले, आणि सोडवायच्या झटापटीत ब्रिटिश कॉन्सल मारला गेला. बॉनीत घोरपडीसारखे मोठे सरडे पवित्र मानायचे, कोणी मारायचे नाहीत, बाजारात बिनधास्त फिरायचे. १८६७ च्या ईस्टरला राजाने ती प्रथा बंद केली.

त्यांच्याकडची सगळी माणसं आफ्रिकनच, बहुतेक सिएरा लिओनचे शिक्षक, म्हणजे पुन्हा मास्तरच. मिशन उभारायची पद्धत पण मास्तराचीच होती: आधी सरदाराला विचारायचं शाळा पाहिजे का, मग शाळा, मग चर्च.

मुसलमानांशी कसं होतं? लहानपणी त्यांनीच तर पकडलं होतं.

हा प्रश्न मला आवडतो. वाद घालायला ते आधी उत्सुक असायचे, नंतर समजलं की वादात कोणी जिंकत नाही. १८७२ मध्ये इलोरिनच्या अमीराच्या दरबारात गेले, तिथे प्रश्न आले, यांनी उत्तरं देताना भांडायचं नाही, योरुबा बायबल उघडायचं आणि तिथलंच वाक्य वाचून दाखवायचं, एवढंच. कुराणात येशू आणि मरियमबद्दल काय आहे तिथून बोलणं सुरू करायचे. शत्रूच्या धर्माबद्दल बोलताना माणूस इतका शांत राहू शकतो हे त्यांच्या लिखाणात वाचताना मला तरी नवल वाटतं.

शेवटी काहीतरी वाईट झालं ना?

झालं. वेन १८७३ ला वारले आणि त्यांच्यामागे वारं फिरलं. १८८०च्या दशकात आफ्रिकेची वाटणी चालू झाली, युरोपात वंशाबद्दल नवे नवे 'शास्त्रीय' विचार, आणि केंब्रिजहून आलेले तरुण मिशनरी, विशीतले, अतिशय श्रद्धाळू आणि अतिशय खात्री असलेले. त्यांना नायजर मिशनमध्ये सगळं सडकं दिसलं.

सगळं खोटं होतं का? नाही, आणि हे मी लपवणार नाही. काही ठाण्यांवर शिस्त खरंच नव्हती, कोणी व्यापारात गुंतलेला, कोणाचं वागणं वाईट, आणि एका प्रकरणात मिशनच्या नोकरांनी एका मुलीला इतकं मारलं की ती मेली आणि त्यावर १८८२ मध्ये फ्रीटाऊनला खटला झाला. क्राउदर मवाळ होते, माणसाला दुसरी संधी द्यायचे, तिसरीही. मुख्याध्यापक म्हणून हा दोषच. पण इतकं मोठं खोरं, ऐंशीकडे झुकलेला माणूस, परक्याची बोट, आणि तपासणाऱ्यांनी ठरवूनच आलेलं. ठरवून आलेल्या इन्स्पेक्शनला कुठली शाळा पास होते?

ऑगस्ट १८९० मध्ये ओनित्शाला कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष नावाला बिशप. तरुण सेक्रेटरीने त्यांच्यासमोर एकेका आफ्रिकन पाळकाचं नाव घेऊन निलंबन जाहीर करायला सुरुवात केली. बिशपने विचारलं की पाळकाला निलंबित करायचा अधिकार बिशपचा ना? उत्तर जे मिळालं त्यातून कळलं की आता नाही. ऐंशी वर्षांच्या बिशपने तिथेच त्या कमिटीचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी पक्षाघात, आणि ३१ डिसेंबर १८९१ ला लागोसला गेले. त्यांच्या जागी आला तो इंग्रज बिशप. आफ्रिकन माणसाला त्या भागात स्वतःचा धर्मप्रांत पुन्हा मिळायला १९५०चं दशक लागलं, मधे होते ते सगळे साहाय्यक बिशप.

त्यांचा धाकटा मुलगा डँडेसन, तोही पाळक, त्याने १८९२ मध्ये नदीच्या मुखाकडची चर्चेस सोसायटीच्या ताब्यातून बाहेर काढली, नायजर डेल्टा पास्टरेट नावाने. खर्च स्वतःचा, कारभार स्वतःचा. म्हणजे वेन जे म्हणत होते तेच, फक्त भांडून.

याचा नाशिकशी काय संबंध? तुम्ही वर्गात काहीतरी म्हणाला होतात.

क्राउदर कधी नाशिकला आले नाहीत, आधीच सांगतो, कोणीतरी तसं फॉरवर्ड केलंय. पण सोसायटी तीच. पश्चिम किनाऱ्यावर सुटलेल्या पोरांना जसं फ्रीटाऊनला उतरवायचे, तसं पूर्व किनाऱ्यावर अरबांच्या होड्यांतून सुटलेली काही आफ्रिकन पोरं मुंबईला आणली जायची, आणि त्यातली बरीच सीएमएसच्या शरणपूरच्या वस्तीत, म्हणजे आपल्या आत्ताच्या शरणपूर रोडला. तिथे सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकायची. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्यांचं प्रेत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो इथलाच शिकलेला. १८७० च्या दशकात यातल्या अनेकांना मोंबासाजवळ फ्रियरटाऊनला नेलं, गावाचं नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून, आणि तिथे त्यांना म्हणायचे 'बॉम्बे आफ्रिकन'. सिएरा लिओनचं गणित इकडे नाशिकला परत मांडलं असं म्हणा. सिग्नलला थांबल्यावर मला हे आठवतं, रिक्षावाल्याला सांगून उपयोग नाही.

त्यांचा जावई मेकॉले होता म्हणे. तोच का, आपल्या शिक्षणपद्धतीवाला?

नाही हो! नाव अगदी तेच, थॉमस बॅबिंग्टन मेकॉले, पण हा आफ्रिकन पाळक, क्राउदरांच्या अबिगेल या मुलीचा नवरा, आणि १८५९ मध्ये लागोसची सीएमएस ग्रामर स्कूल काढणारा. म्हणजे जावईसुद्धा मास्तर. यांचा मुलगा हर्बर्ट मेकॉले, जन्म १८६४, आजोबा बिशप झाले त्याच वर्षी. नायजेरियाच्या राष्ट्रवादाचा जनक म्हणतात त्यांना, ब्रिटिशांच्या नाकी नऊ आणले, आणि तिथल्या एक नायराच्या (नायरा म्हणजे त्यांचा रुपया) नाण्यावर त्यांचा चेहरा आहे. आजोबा साम्राज्याचे एजंट होते का विचारणाऱ्यांनी नातवाकडे पण एकदा बघावं.

चर्चने कधी माफी मागितली का?

२९ जून २०१४, बरोबर १५० वर्षांनी, कँटरबरीतच उपासना झाली आणि आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी क्राउदरांना जे भोगावं लागलं त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. अँग्लिकन कॅलेंडरमध्ये ३१ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन आहे, पण त्या रात्री चर्चमध्ये वर्षअखेरच्या उपासनेची गडबड असते, त्यामुळे कोणाच्या लक्षात राहत नाही.

कबर कुठे आहे? लागोसला गेलो तर बघता येईल का?

आधी लागोसच्या अजेले कबरस्तानात होती. १९७०च्या दशकात सरकारने ते कबरस्तान सपाट केलं, सरकारी इमारतींसाठी, लोकांनी बराच आरडाओरडा केला पण झालं ते झालं. क्राउदरांचे अवशेष मग मरीना भागातल्या कॅथीड्रल चर्च ऑफ क्राइस्टमध्ये नेले, तिथे स्मारक आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचा भाऊ कंपनीच्या कामाने लागोसला असतो, त्याला फोटो काढून पाठव म्हणून सांगितलंय, आला की इथे टाकतो.